भोंग्याची कोरड

—नाही, 'पाण्याची गोळी' म्हणू नका, निदान या घरात तरी नको. पाणी देते का ती? काढते. मग जे ती देत नाही त्याचं नाव तिला कशाला? आणि 'लघवीची गोळी' तर मुळीच नको— कशाची केली आहे असा संशय येतो. मूत्रल म्हणा. जुना, नेटका शब्द आहे— मूत्र आणतं ते मूत्रल. परिचारिका विद्यालयात मी तो फळ्यावर लिहिला की मागच्या बाकांवर खुसखुस सुरू व्हायची, आणि मी म्हणायची, हसा बायांनो, पोटभर हसा, पण हसून झालं की अर्थ नीट ऐका: हे औषध मूत्रपिंडांना मीठ बाहेर टाकायला लावतं, आणि मीठ निघालं की पाणी त्याच्या मागोमाग निघतं, काही न विचारता, पाळलेल्या कुत्र्यासारखं. पायांची सूज उतरते, छातीतली घरघर थांबते, उशांची चळत लागणारा माणूस एका उशीवर झोपू लागतो. सकाळी द्यायचं, म्हणजे रात्री सारखं उठावं लागत नाही. रोज वजन बघायचं. रोग्यानं उठताना आधी बसायचं, पाय खाली सोडायचे, क्षणभर थांबायचं, मगच उभं राहायचं— नाहीतर डोळ्यांपुढं अंधारी येते. गुणी औषध आहे हो. माझं भांडण त्याच्याशी नाही. बसा ना. खुर्ची कुठं पळून जात नाही, चाकं असली तरी.

औषधाच्या दुकानातली माझी चिठ्ठी वाचून आलात म्हणजे. 'मध्ये भांडं बसवलेली चाकांची खुर्ची, न वापरलेली, गरजूंनी घेऊन जावी.' 'न वापरलेली' हे शब्द दुकानदाराला खटकले— म्हणाला, ताई, वारलेल्या माणसाची ना, मग न वापरलेली कशी? त्याला काय सांगणार? पण तुम्ही दारातच विचारलंत— 'ही त्या भोंगाकाकांची ना? शेवटी वेड लागलं होतं, ते?'— नाही नाही, ओशाळू नका. सगळे तेच म्हणतात. म्हातारा सज्जात उभा राहून गाड्या पुकारायचा, फलाटावर इतका जीव होता त्याचा की शेवटी डोक्यात फक्त गाड्याच उरल्या— किती गोड गोष्ट, नाही? न्हाव्याच्या दुकानात सांगतात, भाजी घेताना सांगतात, हसतात, मग जीभ चावून 'बिच्चारा' म्हणतात. आणि त्याहून चवीनं सांगणारे आहेत, ते आवाज बारीक करतात— 'सुनेनं काहीतरी चारलं म्हणे.' तुम्ही तेही ऐकलंय. चेहऱ्यावरून कळतं.

भोंगा. माझा थोरला भाऊ. हुद्दा उद्घोषकाचा, पण स्टेशनवरचे हमालसुद्धा भोंगा म्हणायचे, आणि त्याला ते आवडायचं, मला आवडायचं नाही. आवाज असा, की गाडी उशिरा आहे हे सांगितलं तरी ऐकणाऱ्याला वाटावं, बरं झालं, जरा वेळ मिळाला. त्या कामाची एक रीत होती— गाडी हद्दीत शिरली की ती सुटेपर्यंत उद्घोषकानं खोली सोडायची नाही. आणि गाड्या काय, एकीमागून एक. म्हणून कामावर निघताना तो पाणी प्यायचा नाही, कामावर असताना प्यायचा नाही, आणि लघवी दाबून धरायची हे त्याला इतकं अंगवळणी पडलं होतं, की त्याचा त्याला अभिमान होता. मी बोलायची— दादा, मूत्राशय हा स्नायू आहे, तुझा हाताखालचा कारकून नाही. तो म्हणायचा, वाक्य चांगलं आहे, धड्यात घाल. हो, माझे धडे तोच वाचायचा. मराठीत तेव्हा या विषयाचं धड पुस्तक नव्हतं, मी रात्रंदिवस बसून शब्द घडवायची, आणि दादा ते धडे मला मोठ्यानं वाचून दाखवायचा, स्टेशनवरच्या आवाजात— म्हणजे वाक्य कुठं लंगडतं ते मला ऐकू यायचं. मूत्रसंस्थेवरच्या औषधांचा अख्खा भाग त्याला तोंडपाठ. पोर कुणाचं रडत असलं की हा अंगाईऐवजी मूत्रलांचे दुष्परिणाम म्हणायचा, आणि पोर झोपायचं सुद्धा!

एक मिनिट हं. तुम्ही बसा, मी आलेच.

—हां. काय म्हणत होते? काही नाही हो, दूध ठेवलं होतं गॅसवर, ते बघून आले. तर सेवानिवृत्त झाल्यावर दादाचं हृदय थकलं. पाय सुजले, बोटानं दाबलं की खळगा पडून राहायचा, ओल्या मातीत पडावा तसा. हृदयाच्या डॉक्टरांनी मूत्रल दिलं, योग्यच दिलं. सूज उतरली, माणूस चालू लागला. पण ते औषध घेतलं की सकाळचा वेळ आपला राहत नाही. आली म्हणजे आलीच, तिथं रीतभात नाही, आणि त्याची पौरुषग्रंथी— प्रोस्टेट म्हणतात ती— वयानं वाढलेली, म्हणजे घाईही आणि अडथळाही. आणि तो काय करायचा? दाबून धरायचा! जन्मभराची सवय. एकदा न्हाव्याच्या खुर्चीत बसला होता, तोंडाला साबण लावलेला, उठता येईना, सांगवेना. दाढी उरकून उठला तेव्हा विजारीवर डाग. न्हावी भला माणूस, त्यानं पटकन टॉवेल टाकला मांडीवर, पण समोर आरसा, मागं आरसा— डाग एकच, दिसला सगळ्यांना, चारी बाजूंनी. त्या दिवसापासून दादा घराबाहेर पडेना.

मग त्याच्या सुनेनं ही खुर्ची आणली. वाईट हेतूनं नाही आणली. त्याच्या चादरी तिनंच धुतल्या, तोंड वाकडं न करता धुतल्या, ते मी नाकारणार नाही. पण ठेवली कुठं? बाहेरच्या खोलीत, टीव्हीच्या शेजारी. का, तर आतली खोली अरुंद, चाकं वळत नाहीत. येणारा जाणारा आधी खुर्ची बघायचा, मग दादाला. पाहुणे तिच्याकडं न बघण्याचा इतका प्रयत्न करायचे, की त्यांच्या माना दुखत असतील. दादा तिच्यावर एकदाही बसला नाही. तिच्यावर वर्तमानपत्रं ठेवायचा. मी गेले की म्हणायचा, बस, नवीकोरी आहे, तुला शोभेल. आम्ही दोघं हसायचो. मग तो हसायचा थांबायचा.

आणि त्यातच ते निमंत्रण आलं. स्टेशनवर नवा फलाट बांधला होता, आणि माणसाऐवजी यंत्राचा आवाज बसवला होता— बाईचा, कसल्याही बातमीत कसलाही भाव नसलेला. कुणाच्या तरी मनात आलं, की या फलाटावरची पहिली गाडी जुन्या भोंग्यानं पुकारावी. एवढंच. पण दादाच्या अंगात पुन्हा जीव आला. आरशापुढं उभा राहून गळा साफ करू लागला. मी म्हटलं, जा ना, त्या दिवशी डॉक्टरांना विचारून गोळीची वेळ पुढं ढकलू, पोहोचल्या पोहोचल्या आधी मुतारीत जा, जवळ जादा विजार ठेव. 'जादा विजार' म्हटलं आणि संपलं. त्यानं माझ्याकडं असं बघितलं, जसं मी त्याला त्या खुर्चीतूनच फलाटावर ढकलत न्यायचं ठरवलं होतं.

पुढं त्याच्या पोटात दुसरी गोळी जाऊ लागली. मूत्राशय शिथिल करणारी, वारंवारची घाई थांबवणारी. तरुण बाईला द्या, गुण येईल. पण म्हाताऱ्याला, वाढलेल्या ग्रंथीच्या म्हाताऱ्याला? एक औषध नळ उघडतंय आणि दुसरं नळाच्या तोंडावर हात दाबून बसलंय. तोंड कोरडं पडतं, जवळचं वाचताना अक्षरं विरघळतात, कोठा जड होतो, डोक्यात धुकं भरतं, आणि शेवटी लघवी अडते. पहिला डॉक्टर हृदयाचा, दुसरा कोपऱ्यावरचा, आणि पहिल्याची गोळी दुसऱ्याला कुणी सांगितलीच नाही. कुणी म्हणजे— काय? सुनेनं? नाही हो. तिला तर तो दुसरा डॉक्टर माहीतही नव्हता. तो स्वतःच गेला. भाजी आणायला म्हणून पिशवी घेऊन बाहेर पडला आणि—

हे मी सांगणार नव्हते.

बरं, आता तोंडातून गेलंच आहे. मला फोन केला त्यानं. इतका आनंदात, की मला वाटलं कुणाचं बारसं ठरलं. म्हणाला, कोरडा आहे! सकाळपासून कोरडा! मी गोळीचं नाव विचारलं, त्यानं सांगितलं. म्हटलं, दादा, ही तुला चालत नाही, तुला ठाऊक आहे. तर तो फोनवर काय म्हणतो— त्या आवाजात, स्टेशनवरच्या— 'प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं. तोंडाची कोरड फलाट एकवर येत आहे. अंधूक दृष्टी फलाट दोनवर. बद्धकोष्ठ नेहमीप्रमाणे विलंबानं धावत आहे. संभ्रम ही गाडी फक्त वृद्ध प्रवाशांसाठी राखीव. आणि मूत्रावरोध, पुढील सूचना मिळेपर्यंत, यार्डात उभा राहील.' माझाच धडा. एक शब्द इकडचा तिकडं नाही. कुणी चारलं म्हणतात? ज्याला सारं पाठ होतं, त्याला कोण काय चारणार! मी ओरडले, रडले, म्हटलं, वेडा होशील, अरे, खरोखरचा वेडा होशील! तो म्हणाला, 'वेडा चालेल, ओला नको.' आणि वर— 'आणि वाक्य सुधारू नकोस, बरोबर आहे.'

सुनेलाही सांगितलं. लगेच सांगितलं. ती म्हणाली, 'आत्या, तुम्ही शब्द सुधारा, माणसं आम्ही बघतो. ते खूश आहेत, कपडे कोरडे आहेत, घराला किती दिवसांनी घराचा वास येतोय. कशाला उकरून काढता?' मी जन्मभर सगळ्यांची बोलणी दुरुस्त केली ना— ज्या एका दिवशी मी शब्दाबद्दल बोलत नव्हते, त्या दिवशीही त्यांना मी शब्दाबद्दलच बोलते आहे असं वाटलं. आणि दादाचा मुलगा? तो म्हणाला, समारंभ होऊन जाऊ दे. घरात वेडेपणा झाकता येतो हो. 'वय झालं' म्हटलं की झालं. ओल्या खुर्चीवर काय टाकणार?

समारंभाला मला बोलावलं नव्हतं. मी गेले. पाण्याच्या टाकीपाशी उभी राहिले, मागं. दादानं बदामी विजार घातली होती. बदामी! ज्यावर थेंबभर पाणी सांडलं तरी दिसेल. मुद्दाम. ताठ चालत माइकपाशी आला, तोंड उघडलं, आणि त्याची जीभ टाळूला चिकटली. तिचा 'टक्' असा आवाज साऱ्या स्टेशनभर गेला. पुन्हा उघडलं, पुन्हा टक्. ज्या गोळीनं विजार कोरडी ठेवली तिनंच घसाही कोरडा केला. ती कुठं थांबायचं ते विचारत नाही. मग आवाज आला, पण किसल्यासारखा, त्याचा नव्हे. हातात नव्या गाडीचं नाव लिहिलेला कागद. त्यानं तो लांब धरला, जवळ धरला, अक्षरं विरघळलेली. मला एवढ्या लांबून कळलं, की त्याला वाचता येत नाहीये. त्यानं कागदाची घडी घातली, खिशात ठेवली, आणि पाठ असलेली गाडी पुकारली, केव्हाच बंद पडलेली. तिची सगळी स्टेशनं, ओळीनं, एकही न चुकता. लोक आधी हसले, मग टाळ्या वाजवल्या, काहींनी डोळे पुसले. मी त्याच्या तोंडाकडं बघतच नव्हते. विजारीकडं बघत होते. त्यानं मला पाहिलं. आणि हात खाली धरून हलवला, गार्डानं हिरवं निशाण दाखवावं तसा. कोरडी.

—परत दूध, हो. जरा मंद ठेवलंय म्हणून. काय? ते पाकीट? ते— माझं आहे. हो, मूत्रलच. सगळ्यांचीच हृदयं थकतात, त्यात काय. सकाळी घेतलं. नाही, खुर्ची मला कशाला लागेल? मोरी इथं चार पावलांवर आहे. भलतंच काय विचारता.

तर समारंभाच्या त्या संध्याकाळी दादा सज्जात उभा राहिला आणि पुकारू लागला— 'गाडी यार्डात अडकली आहे. सिग्नल मिळत नाही. गाडी यार्डात अडकली आहे.' खाली लोक जमले, कुणी फोनवर चित्रण केलं, कुणी खालून उत्तर दिलं— भोंगा, चहा पिऊन घ्या तोवर! सुनेनं मला फोन केला, आत्या, लागलं हो वेड. मी पोहोचले, त्याच्या सदऱ्याखाली हात घातला, बेंबीच्या खाली— कलिंगडासारखं टणक. मूत्र तुंबलेलं, कोण जाणे केव्हापासून. तो सांगत होता! धुकं होतंच डोक्यात, मी नाही म्हणत नाही, मला त्यानं कुणी प्रवासी मुलगी समजून 'तिकीट घेतलंस का' विचारलं— पण त्या धुक्यातूनही माणूस आपल्या भाषेत अचूक सांगत होता, काय अडलंय आणि कुठं, आणि खाली लोक हसत होते. रुग्णालयात नळी घातली, पिशवी भरत गेली, भरत गेली, आणि तो डोळे मिटून म्हणाला, 'सुटली.' गोळी बंद केल्यावर डोकं निवळलं त्याचं, अगदी लख्ख. मला म्हणाला, 'सगळी स्टेशनं बरोबर होती ना?' म्हटलं, होती. 'आणि विजार?' म्हटलं, कोरडी. मग त्या नळीवाटे जंतू गेले, ताप चढला, आणि थकलेल्या हृदयाला तो ताप पेलला नाही.

तर तुमचे सासरे. मघाशी तुम्ही म्हणालात, 'पाण्याची गोळी घेतात, पण आता दुसरीनं बराच फरक आहे.' दुसरी कुठली? पाकीट आहे का पिशवीत? —दाखवा. हं. हं. अगं, हीच. हीच ती. नाही, अशी एकदम बंद करू नका, मी डॉक्टर नाही; पण आज, उद्या नाही, आज, दोन्ही पाकिटं एकाच डॉक्टरच्या टेबलावर एकत्र ठेवा. आणि त्याआधी सासऱ्यांना विचारा— तोंडाला कोरड पडते का, पेपर वाचताना अक्षरं पळतात का, लघवीला ताटकळावं लागतं का. तुमच्या नवऱ्याला नाही, त्यांनाच विचारा, आणि खोलीचं दार लावून विचारा. 'खूश आहेत' म्हणता? खूश असणारच! माझा दादाही खूश होता. खुर्ची न्या. दादाच्या घरातून इकडं आणताना डाव्या चाकाची खीळ जरा सैल झाली आहे. मात्र ती आतल्या खोलीत ठेवा, चाकं वळोत न वळोत. भिंत पाडा वाटल्यास. टीव्हीशेजारी दिसली तर मी येऊन परत घेऊन जाईन.

आणि पुन्हा कुणी ती गोष्ट सांगितली ना, तर तिथंच थांबवा. फलाटावरच्या मायेनं त्याला वेड लागलं म्हणतात, ते चूक. त्या फलाटावर तो काहीही विसरला नव्हता, त्याला कागद दिसत नव्हता. सज्जात त्यानं गाडी पुकारली नव्हती, मदत मागितली होती. सुनेनं चारलं म्हणतात, तेही चूक. ओल्या माणसाकडं आपण सगळे कसे बघतो हे त्यानं न्हाव्याच्या आरशात पाहिलं होतं, आणि मग दोहोंतलं एक स्वतः निवडलं. त्याच्या वेडाला तुम्ही 'बिच्चारा' म्हणता, हसता. विजार ओली असती तर नाकाला रुमाल लावला असता. त्याचा हिशेब— नाही, हिशेब नव्हे— त्याची पारख चुकली नव्हती, हेच मला सहन—

जा आता. नाही, मी नाही उठत, तुम्ही आधी व्हा पुढं. हात नको. म्हटलं ना, हात नको! खुर्ची ढकलत न्या, पाठीमागं वळून बघू नका, दार ओढून घ्या. मला लागेल म्हणून ठेवून जाता? कुणी विचारलं तुम्हाला? न्या ती! आणि लवकर, अगं लवकर जा ना बाई— दूध आहे गॅसवर—